बदामाची लाल पानं आणि शंखातला पाहुणा

फेब्रुवारी संपत आला की कोलकात्याच्या फुटपाथवर लाल पानं दिसू लागतात. हाताच्या पंजापेक्षा मोठी, जाडसर, वरून तांबूस आणि खालून फिकट. मान वर करून पाहिलंत तर झाड लगेच ओळखाल. मुंबई-पुण्याच्या शाळांच्या पटांगणात ज्याची फळं आपण दगडाने फोडून आतला बारीक गर खायचो, तेच हे देशी बदामाचं झाड. बंगाली माणूस त्याला 'काठबादाम' म्हणतो. सकाळी सफाई कामगार येतात, खराट्याने ढीग करतात आणि आठच्या आत सगळी पानं कचरागाडीत जातात.

तुमच्या घरी काचेच्या पेटीत शंखातला खेकडा, म्हणजे हर्मिट क्रॅब, असेल तर त्या गाडीच्या आधी तुम्ही तिथे पोचायला हवं. कारण लोकांच्या लेखी जो कचरा आहे, ते तुमच्या पाहुण्याचं जेवण आहे, अंथरूण-पांघरूण आहे आणि लपायची जागाही आहे. मात्र शहरातलं प्रत्येक पान उचलण्याजोगं नसतं. कुठलं घ्यायचं, कुठून घ्यायचं, कधी घ्यायचं नाही, हे समजून घ्यायला चला कोलकात्यात एक फेरफटका मारू. तुम्ही ठाण्यात किंवा नागपुरात राहत असाल तरी सोबत या. झाडं बहुतेक तीच आहेत, फक्त नावं बदलतात.

हा पाहुणा आहे तरी कोण?

बंगालीत या प्राण्याला 'शोन्नाशी काँकडा' म्हणतात. आपल्याकडे काकडा म्हणजे पहाटेची आरती, इथे काँकडा म्हणजे खेकडा. संन्यासी नाव पडलं, कारण तो एकटाच दुसऱ्याच्या रिकाम्या घरात राहतो. त्याच्या शरीराचा मागचा भाग मऊ असतो, त्यावर कवच नसतं. म्हणून मेलेल्या गोगलगायीचा शंख शोधून तो त्यात शिरतो आणि वाढत गेला की मोठा शंख शोधतो. खरं तर तो संन्यासी मुळीच नाही. समुद्रकाठी हे खेकडे मोठ्या संख्येने एकत्र वावरतात, म्हणून पेटीत एकटा ठेवलेला खेकडा बापडा एकटाच पडतो.

घरात पाळले जातात ते जमिनीवर राहणारे खेकडे. त्यांच्या जीनसचं शास्त्रीय नाव सीनोबिटा. आपल्या देशात ते अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपच्या किनाऱ्यांवर भरपूर दिसतात. ते हवेत श्वास घेतात, पण कल्ल्यांनीच घेतात आणि ते कल्ले सतत ओलसर राहावे लागतात. हवा कोरडी झाली की त्यांचा जीव हळूहळू गुदमरतो. कोलकात्याची दमट हवा माणसाला नको होते, या प्राण्याला मात्र ती मानवते. अडचण येते डिसेंबर-जानेवारीत. उत्तरेचा कोरडा वारा सुटतो, रात्री गारवा वाढतो आणि पेटीतली ओल झपाट्याने कमी होते.

आता एक गोष्ट, जी दुकानदार सहसा सांगत नाही. या खेकड्याची मादी अंडी समुद्रात सोडते. पिल्लं आधी सूक्ष्म रूपात समुद्राच्या पाण्यात तरंगत वाढतात, मग शंख शोधून जमिनीवर येतात. हा सगळा प्रवास काचेच्या पेटीत घडवून आणणं फार कठीण असतं. त्यामुळे बाजारात विकला जाणारा जवळजवळ प्रत्येक हर्मिट क्रॅब कुठल्यातरी किनाऱ्यावरून उचलून आणलेला असतो. निसर्गात हा प्राणी तीस वर्षांच्या आसपास जगू शकतो. पेटीत मात्र अनेक खेकडे काही महिन्यांतच मरतात. कारणं साधी असतात: कोरडी हवा, उथळ वाळू, रंगवलेले शंख आणि चुकीचं खाणं.

"मग परत सोडून देऊ या का?" असं मुलं विचारतील. तुमच्या मनातही ते येईल. पण तो कुठल्या किनाऱ्याचा हे तुम्हाला माहीत नसतं. भलत्या किनाऱ्यावर सोडलं तर तो जगेलच असं नाही, शिवाय पेटीतला रोग तिथल्या प्राण्यांना लागू शकतो. म्हणजे आलेल्या पाहुण्याचं घर आता तुमचंच घर. त्याला आपल्या हाताने देता येईल अशी किनाऱ्याची एक गोष्ट मात्र शहरातही मिळते, ती म्हणजे पालापाचोळा.

दीघ्याचा खेकडा घरी आणू नका

कोलकात्याची कुटुंबं शनिवार-रविवारला दीघ्याला जातात, जसं आपण अलिबागला किंवा तारकर्लीला जातो. कोलकात्यापासून दीघा साधारण 185 किलोमीटरवर आहे, मंदारमणी आणि ताजपूरही त्याच बाजूला. ओहोटीला तिथल्या ओल्या वाळूवर छोटे छोटे शंख चालताना दिसतात. मुलांना मोह होतो, बाटलीत पाणी भरून दोन-चार घरी आणावेसे वाटतात.

थांबा. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातले हे शंखवाले खेकडे समुद्री जातींचे असतात. त्यांना सतत समुद्राचं पाणी लागतं. पानं अंथरलेल्या कोरड्या पेटीत ते दोन दिवसही काढणार नाहीत. त्यांना तिथेच बघा, फोटो काढा, तळहातावर घेऊन पुन्हा खाली ठेवा. रिकामे शंखही पिशवी भरभरून आणू नका. तुमच्यासाठी ती आठवण असते, तिथल्या खेकड्याच्या दृष्टीने मात्र ते पुढचं घर असतं. शिवाय काही जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात.

पान का हवं?

जमिनीवरचा शंखखेकडा मिळेल ते खातो. गळून पडलेली पानं, कुजकं लाकूड, नारळ, केवड्याची फळं, किनाऱ्याला लागलेलं शेवाळ, मेलेला मासा. या यादीत पान सगळ्यात साधं, पण रोजचं. आपल्या जेवणात भाकरी जशी, तसं.

वाळलेलं पान तो एकदम फस्त करत नाही. आधी त्यावर ओल चढते, मग बुरशी आणि सूक्ष्मजीव वाढतात आणि पान मऊ पडतं. तो कडेकडेने ते कुरतडतो. त्या पानाबरोबर सूक्ष्मजीवांचा थरही त्याच्या पोटात जातो आणि तोही पोषक असतो. पानांखाली वाळूतली ओल टिकते. शिवाय दिवसा लपायला आडोसा मिळतो, कारण हा प्राणी मुख्यतः रात्री हिंडतो.

डबाबंद खाद्य विकत मिळतं, पण वेष्टनावरची बारीक अक्षरं जरूर वाचा. काही खाद्यांत कॉपर सल्फेट असतं. कॉपर सल्फेट म्हणजे आपलं मोरचूद. खेकडे, कोळंबी अशा कवचधारी प्राण्यांना तांब्याचं जास्तीचं प्रमाण विषारी ठरतं. हा मोरचूद लक्षात ठेवा, पानं निवडताना तो पुन्हा भेटणार आहे.

कुठली पानं, कुठे?

सुरुवात बदामापासूनच करू. हे झाड मुळात समुद्रकाठचं. अंदमानच्या किनाऱ्यावर ते वाळूलगत वाढतं आणि त्याच्या पडलेल्या पानांतून हे खेकडे फिरतात. तेच झाड सावलीसाठी कोलकात्यात, मुंबईत, गोव्यात लावलं गेलं. म्हणजे तुमच्या खेकड्याला त्याच्या मूळ गावचं पान शहरात मिळू शकतं, तेही फुकट. लाल होऊन आपोआप गळलेलं पान उत्तम. मत्स्यालयवाले लोकही हीच पानं पाण्यात टाकतात, कारण त्यातल्या टॅनिनमुळे पाणी चहासारखं होतं आणि माशांना ते मानवतं. त्यामुळे ती पाकिटात विकतही मिळतात. पण झाडाखाली पडलेली असताना पैसे कशाला घालायचे?

दक्षिण कोलकात्यात राहत असाल तर रवींद्र सरोवराकडे चला. हे तळं निसर्गाने दिलेलं नाही. कलकत्ता इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने 1920 च्या दशकात दलदलीची जमीन खोदून ते तयार केलं, आणि 1958 मध्ये त्याला रवींद्रनाथांचं नाव मिळालं. पहाटे इथे फिरणारे, योगासनं करणारे, हास्यक्लबवाले सगळे भेटतात. पानांसाठी तुम्हीही त्याच वेळी जा, पण रस्त्याला लागून असलेल्या कडेपासून दूर, आतल्या बाजूला. बागेतल्या माळ्याला आधी विचारा: "काका, इथे औषध मारलंय का?" बंगालीत 'ओशुध' म्हटलं की तो लगेच समजेल. हा एक प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागतं आणि खेकड्याचा जीव वाचतो.

सॉल्ट लेकला राहत असाल तर तुमचं काम आणखी सोपं. पाणथळ जमीन भरून ही वसाहत 1960 च्या दशकापासून उभी राहिली. आखीव ब्लॉक, मधूनमधून बागा आणि अनेक घरांच्या कुंपणाआत पेरू, नारळ, जास्वंद. पेरूला बंगालीत 'पेयारा' म्हणतात, जास्वंदीला 'जोबा', नारळाला 'नारकेल'. तिन्ही खेकड्याला चालतात. पेरूची पिकून गळलेली पानं वाळवून ठेवता येतात. जास्वंदीचं पान आणि फूल ताजं द्यायचं. नारळाची वाळकी झावळी आणि करवंटी तर चढायला, लपायला आणि कुरतडायला एकदम झकास.

शेजाऱ्याच्या अंगणातलं झाड असेल तर बेल वाजवून विचारा. बंगाली घरात 'खेकड्यासाठी पेरूची पानं हवीत' असं सांगितलंत तर आधी हसू येईल, मग चहा येईल आणि शेवटी पानांबरोबर चार पेरूही हातात पडतील. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात कार्यक्रमाला जात असाल तर तिथेही विचारून बघा. कुणाच्या गच्चीवर जास्वंद आहे, कुणाकडे शेवगा आहे, ही माहिती अशा ओळखीतूनच मिळते.

शेवगा म्हणजे इथला 'सोजने'. बंगाली स्वयंपाकात त्याची फुलं, शेंगा आणि पाला तिन्ही खाल्ली जातात, त्यामुळे हिवाळा सरताना बाजारात तो हमखास दिसतो. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम चांगलं असतं आणि कात टाकणाऱ्या प्राण्याला ते लागतंच. केळीच्या पानासाठी लेक मार्केट बघा. त्या भागात दक्षिण भारतीय वस्ती जुनी आहे, त्यामुळे जेवायची केळीची पानं तिथे मिळतात. बाजारातलं कुठलंही पान मात्र फवारलेलं असू शकतं असं धरूनच चाला. ते नीट धुवा, आणि गच्चीवरच्या कुंडीतला शेवगा मिळत असेल तर त्याला पहिली पसंती द्या.

झाडं ओळखता येत नसतील तर?

बहुतेकांना येत नाहीत, त्यात लाजण्यासारखं काही नाही. त्यासाठी दोन जागा सुचवते.

पहिली, हावड्याच्या शिबपूरमधलं वनस्पती उद्यान. कर्नल रॉबर्ट किड यांनी 1787 मध्ये ते सुरू केलं आणि 2009 पासून त्याला आचार्य जगदीशचंद्र बोस यांचं नाव आहे. इथला प्रसिद्ध वड अडीचशे वर्षांहून जुना आहे. त्याचं मूळ खोड बुरशीने सडल्यामुळे 1925 मध्ये काढून टाकावं लागलं, तरी झाड पारंब्यांवर उभं आहे आणि पसरतंच आहे. इथे पानं उचलायला नाही, शिकायला जायचं. झाडांवरच्या पाट्या वाचा, पानाचा आकार आणि देठ बघा, मुलांना वहीत चित्र काढायला सांगा. एकदा नजर तयार झाली की गल्लीतलं झाड आपोआप ओळखू येतं.

दुसरी जागा अलिपूरची, अ‍ॅग्री हॉर्टिकल्चरल सोसायटीची बाग. ही संस्था 1820 मध्ये विल्यम केरी यांनी स्थापन केली. हे नाव मराठी वाचकाला ओळखीचं वाटेल. याच केरींनी कोलकात्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवली, 1805 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि 1810 मध्ये मराठी-इंग्रजी कोश. आपल्या भाषेचा कोश करणारा माणूस इथे झाडांचीही काळजी घेत होता, हे ऐकून त्या बागेत फिरायला वेगळीच मजा येते. हौशी बागकाम करणाऱ्यांना रोपांविषयी विचारायला अशा जागा उपयोगी पडतात. जास्वंदीची एक कुंडी घरी आणलीत तर निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

कधी आणि कुठून उचलायचं नाही

आता जरा सावधगिरीचं बोलू.

वाहतुकीच्या रस्त्यालगतचं पान नको. धूळ आणि धूर त्यावर थराने बसलेला असतो. बोट फिरवून बघा, काळं झालं तर पान तिथेच सोडा.

पावसाळा आणि त्यानंतरचे महिने डासांचे. डेंग्यूच्या भीतीने वस्त्यांमध्ये फवारणी आणि धुरळणी होते. माणसांसाठी ती गरजेची आहे, पण डास मारण्यासाठी वापरली जाणारी पायरेथ्रॉइड गटातली औषधं खेकड्या-कोळंब्यांना फार विषारी असतात. तुमच्या गल्लीत नुकतीच फवारणी झाली असेल तर त्या पानांना हात लावू नका. जोरदार पाऊस पडून गेल्यावरही काही आठवडे दुसरीकडची पानं वापरा. म्हणूनच फेब्रुवारी-मार्चमध्ये वर्षभराची बेगमी करून ठेवलेली बरी, जसे आपण उन्हाळ्यात पापड-कुरडया करून ठेवतो.

कालीपूजेचे दिवस टाळा. फटाक्यांची दारू आणि राख त्या आठवड्यात पानापानावर बसलेली असते.

हावडा पुलाखालचा मल्लिक घाट फुलबाजार बघायला जरूर जा. झेंडूच्या माळांचे डोंगर आणि कालीसाठी लाल जास्वंदीचे हार, डोळ्यांचं पारणं फिटतं. पण तिथली फुलं-पानं खेकड्यासाठी आणू नका. ती विक्रीसाठी वाढवलेली असतात आणि त्यांवर काय काय फवारलंय हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

विड्याचं पानही नको. बंगालमध्ये पानमळ्याला 'बोरोज' म्हणतात. पानवेलीवरच्या रोगांसाठी बोर्डो मिश्रण मारायची पद्धत आहे. बोर्डो मिश्रण म्हणजे चुना आणि मोरचूद. बघा, मोरचूद पुन्हा भेटला.

आणि चैत्र-वैशाखातला 'कालबोइशाखी', म्हणजे आपला वळीव. वादळानंतर बंगाली मुलं कैऱ्या वेचायला धावतात. तुम्हालाही फांद्यांसकट हिरवी पानं मिळतील. ओळखीच्या, फवारणी नसलेल्या झाडाची असतील तर खुशाल घ्या. तुटलेल्या तारा आणि लोंबणाऱ्या फांद्यांपासून मात्र लांब राहा. 20 मे 2020 च्या अम्फान चक्रीवादळात या शहरातली हजारो झाडं एका रात्रीत पडली. रवींद्र सरोवरातली गेली, शिबपूरच्या वडालाही मार बसला. उभ्या झाडाची फांदी तोडायची गरज नाही, पडलेलंच उचला.

ही पानं अजिबात नकोत

सगळ्यात आधी कडुनिंब. हे ऐकून नवल वाटेल, कारण पाडव्याला आपण तो गुळाबरोबर खातो आणि बंगाली घरांत याच दिवसांत वांग्याबरोबर तळलेला 'नीम-बेगुन' पहिल्या घासाला असतो. माणसाला तो गुणकारी, म्हणून खेकड्यालाही असेल असं वाटणं साहजिक आहे. पण कडुनिंबात अझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य असतं. किडीचं कात टाकणं ते बिघडवतं, म्हणूनच शेतकरी निंबोळी अर्क फवारतो. खेकड्याचं कात टाकणंही त्याच जातकुळीच्या संप्रेरकांवर चालतं. तेव्हा पेटीत कडुनिंबाचा पाला जंतुनाशक म्हणूनही टाकू नका.

कण्हेर आणि पिवळी कण्हेर, बंगालीत 'कोरोबी' आणि 'कोलके', दोन्ही विषारी. धोत्रा आणि रुई, म्हणजे इथली 'आकोंदो', तशीच. शरद ऋतूत ज्याच्या वासाने संध्याकाळी कोलकाता दरवळतं तो 'छातिम', म्हणजे आपली सप्तपर्णी, तीही नको. घरातल्या शोभेच्या कुंड्यांपैकी क्रोटन, डिफेनबेकिया, मनी प्लांट वर्ज्य. निलगिरी, तुळस, लिंबाची पानं, इथलं आवडतं 'गोंधोराज' लिंबूही नको. त्यांतली उग्र वासाची तेलं आपल्याला सुखावतात, किड्यांना पळवून लावतात, आणि खेकडा किड्यांचा लांबचा नातेवाईक आहे.

नवशिक्यांसाठी सोपा नियम: देठ मोडा. पांढरा चीक आला तर पान सोडून द्या. चुरगळून वास घ्या. उग्र आला तर सोडून द्या. आणि झाडाचं नाव सांगता येत नसेल तर तेही सोडून द्या. काही चांगली पानं या नियमात सुटतील, पण बदाम आणि पेरू असताना काही अडत नाही.

घरी आणल्यावर

पिशवी आधी वर्तमानपत्रावर ओता. किडलेली, काळे डाग पडलेली, पक्ष्यांची घाण लागलेली पानं बाजूला काढा. गोगलगायींची अंडी, मुंग्या, कोळ्याची जाळी बघा.

उरलेली पानं दोन-तीन पाण्यांतून दोन्ही बाजूंनी चोळून धुवा. साबण लावायचा नाही. मग मोठ्या पातेल्यात पाणी उकळून गॅस बंद करा, पानं त्यात काही मिनिटं बुडवून काढा. त्यामुळे किडे आणि त्यांची अंडी मरतात. शेवटचं पाणी क्लोरिन नसलेलं असू द्या.

नंतर सावलीत वाळवणं. कोलकात्याच्या फाल्गुनात पंख्याखाली चादरीवर पसरलेली पानं दोन-तीन दिवसांत कडकडीत होतात. पावसाळ्यात आठवडा गेला तरी ओल हटत नाही आणि कापसासारखी बुरशी चढते. अशा वेळी मंद आचेच्या ओव्हनमध्ये वाळवा, पण समोर उभं राहून. पान मुठीत चुरचुरलं पाहिजे. मग स्टीलच्या डब्यात किंवा कागदी पिशवीत भरा आणि वर झाडाचं नाव, जागा आणि महिना लिहून ठेवा. पुढे खेकडा सुस्त दिसला तर कुठली पानं दिली होती हे शोधता येतं.

पेटीत पानं अशी द्या. वाळूच्या एका कोपऱ्यात वाळलेल्या पानांचा दोन-तीन बोटं जाडीचा थर. ती हळूहळू मऊ पडतील, जाळीदार होतील, कमी होतील. तशीच राहू द्या, कमी झाली की भर घाला. ताजं पान, फूल, फळ मात्र दुसऱ्या दिवशी काढून टाका. कॅल्शियमसाठी पक्ष्यांच्या सामानाच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस किंवा धुऊन, वाळवून कुटलेली अंड्याची टरफलं ठेवा. पिण्यासाठी दोन वाट्या, एक गोड्या पाण्याची, एक समुद्री मीठ घातलेल्या पाण्याची. हे मीठ मत्स्यालयाच्या दुकानातलं, स्वयंपाकघरातलं आयोडिनवालं नाही.

पेटी कमी साफ करा, हेही सांगायला हवं. आपल्याला लखलखीत आवडतं, त्याला पाचोळा. खेकडा कात टाकायला वाळूत खोल पुरून घेतो आणि कित्येक आठवडे वर येत नाही. त्या काळात तो मेला असं समजून उकरू नका. त्याचं नवं कवच मऊ असतं, धक्का लागला तर तो खरंच मरेल. टाकलेली जुनी कातही तो खाऊन टाकतो, तीही काढून घेऊ नका. वर फक्त पानं ओलसर ठेवा आणि वाट बघा.

मुलांना सोबत घ्या

या सगळ्यात मुलांना कामाला लावा. घराभोवतीच्या चार गल्ल्यांचा नकाशा काढायला सांगा. बदाम कुठे, पेरू कुठे, फवारणी कधी झाली, छातिम कुठे. वर्षभरात मुलांना वीसेक झाडं दोन भाषांत ओळखता येतील. परक्या शहरात राहणाऱ्या मराठी मुलांना त्या शहराशी ओळख करून घ्यायला याहून सोपी वाट शोधून सापडायची नाही. 'पेयारा' आणि 'पेरू' एकच, 'सोजने' आणि 'शेवगा' एकच, हे तोंडपाठ करावं लागत नाही, हाताला लागतं.

आणि त्यांच्याशी एक गोष्ट स्पष्ट बोला. हा खेकडा मेला तर नवा आणायचा का? याचं उत्तर आत्ताच ठरवा. दुकानात विकला गेलेला प्रत्येक खेकडा किनाऱ्यावरून आणखी एक उचलायला सांगतो. आहे त्याला नीट सांभाळा, जमलं तर ज्यांना आपला खेकडा नकोसा झालाय अशा घरचा दुसरा आणून त्याला सोबत द्या, पण बाजारातून नवा घेऊ नका. मुलांना हे पटतं, बहुतेक वेळा मोठ्यांच्या आधी.

येत्या पानगळीत एक कापडी पिशवी दाराशी अडकवून ठेवा. रोज सकाळी दूध आणायला जाताना पाच पानं उचलली तरी महिन्याला दीडशे होतात. पावसाळ्यात बाहेर कोंदट पाऊस लागलेला असताना डबा उघडाल, मूठभर पानं पेटीत टाकाल, आणि रात्री दिवे मालवल्यावर आतून बारीक कुरकुर ऐकू येईल. पाहुणा जेवतोय, असं समजा.